रोळीखालचं निळं बटण

बाबा, परवा माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणजे अगदी कोवळं पोर. हातात हत्यार घ्यायच्या आधी मलाच विचारतो, "आजी, भीती वाटते का?" मी म्हटलं, "भीती वाटायचं वय तुझं आहे बापा, माझं नाही." कपातला चहा निवावा एवढ्या वेळात त्यानं काम उरकलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा खिडकीबाहेरचा कडुलिंब इतका हिरवा दिसला, की हा कोणी रंगवला असं मी सुनेला विचारलं. ती अजून हसते आहे. मी मात्र घरी येऊन पहिलं काम केलं ते हे, की शिवणाच्या डब्याच्या तळातून एक निळं बटण काढलं आणि उजेडात धरून पाहिलं. तुम्हाला या बटणाची काही माहिती नाही. तेच सांगायला बसले आहे. आणि दुसरं एक मनात सलतं आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांवर जे उतरलं होतं आणि ज्यानं आपलं घर आतून फाटलं, ते एवढ्यात निघतं, हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता वयानं मी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. खरं म्हणजे आता तुम्हीच मला अहोजाहो करायला हवं. पण तुमची आठवण आली की मी अजून त्या गिरणीच्या खिडकीपाशीच उभी असते, पदर खोचलेला, हातात ओलसर ताव आणि नजर उजेडाकडे. उमरखेडच्या बाहेर, नाल्याकाठी, जुन्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये ती लहानशी कागदाची गिरणी होती. पुसद-महागावच्या बाजारांतून शिंप्यांची कात्रणं आणि जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या गाठोड्यांनी यायच्या. बायका त्या निवडायच्या. शिवण उसवायची, हूक तोडायचा, बटण कापायचं. मग त्या चिंध्या चुन्याच्या भट्टीत उकळायच्या, धुवायच्या, बीटरमध्ये कुटून त्यांचा लगदा व्हायचा. तो लगदा पेजेसारखा पातळ करून पंपानं रोळीत चढवायचा. आपल्या घरातली तिन्ही माणसं तिथं कामाला होती आणि तिघांचंही काम एकच होतं, घाण काढायचं. आई सुरुवातीला हातानं काढायची, मधे तुमची रोळी काढायची आणि यातूनही एखादा खडा निसटून कागदात गेलाच, तर ताव उजेडाला धरून तो मी खिडकीपाशी पकडायची. महाराष्ट्र नुकताच झाला होता, शाळा निघत होत्या, वह्यांना कागद लागत होता. कागदात वाळू राहिली की टाकाचं निब अडकतं आणि पोराच्या अक्षरावर शाई सांडते, असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तिला रोळी हे नाव कोणी दिलं, आठवतं का? कागदोपत्री तिचं काही वेगळंच नाव होतं, साहेब ते इंग्रजीत घ्यायचे. लोखंडाचा उलटा शंकू, माणसाहून उंच, वरून पिंपाएवढा आणि खाली निमुळता होत होत बोटभर भोकावर संपणारा. लगदा वरून बाजूनं जोरात आत शिरायचा आणि गरगर फिरायचा. त्या फिरण्यात जे जड असेल ते कडेला फेकलं जायचं आणि कडेकडेनं उतरत खालच्या भोकातून पेटीत पडायचं. हलका, चांगला लगदा मधूनच वर चढायचा आणि माथ्यावरच्या नळीनं पुढं जायचा. हे मला काही केल्या समजेना. चांगलं वर आणि वाईट खाली, हे तर कीर्तनात सांगतात, मशीनला कसं कळतं? तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुयी माय तांदूळ रोळते का नाही? भांडं फिरवते, पान्यासंगं तांदूळ निंगून येते, खडा खाली राह्यते. हे तेच आहे. फक्त माय हातानं फिरवते, हे इंजन फिरवते." दुसऱ्या दिवसापासून सगळी गिरणी त्या शंकूला रोळी म्हणायला लागली.

तुम्ही जिनिंगमधले फिटर, पण रोळीपाशी तुम्ही वेगळे माणूस व्हायचात. तिच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहायचात. ऑइल इंजिनाचा पट्टा ढिला पडला की फिरण्याचा जोर कमी व्हायचा आणि मग घाणही चांगल्याबरोबर वर निघून जायची. तो फरक तुमच्या हाताला कळायचा. खालचं भोक चोंदलं तर लोखंडी तार घालू द्यायचा नाहीत, भोक मोठं होतं म्हणून. त्यासाठी तासून ठेवलेली तुराटी, तुरीची वाळकी काडी, वेगळी असायची, कानावर खोचलेली. शिंप्याच्या कानावर पेन्सिल तशी. मला त्या दिवसांत तुमचा फार अभिमान होता. तो पुढं कुठं गेला, त्याचीच ही गोष्ट आहे.

साहेबांनी ताटल्यांची पद्धत काढली आणि सगळं बिनसलं. साहेब म्हणजे आमचा मॅनेजर, नागपूरकडचा तरणा माणूस. वाईट नव्हता, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडायची. बीटर एकच होता, त्यामुळे एकेका बाईच्या निवडलेल्या चिंध्यांचा एकेक घाणा वेगळा लागायचा. साहेब म्हणाले, घाणा संपला की रोळीखालच्या पेटीतला गाळ चाळणीवर धुवायचा आणि जे सापडेल ते त्या बाईच्या खुणेच्या ताटलीत सकाळी मांडून ठेवायचं. बायकांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीची खूण. आईची खूण म्हणजे खडूचं गोल आणि मधे टिंब. ताटलीत वाळू दिसली तर कोणी काही म्हणत नसे, वाळू कोणाच्या हातची नाही. पण हुकाचा तुकडा, बटणाची चिप, तुटकी टाचणी दिसली, की ती त्या बाईच्या नजरेतून सुटलेली. ज्या बाईच्या ताटलीत हे वरचेवर दिसेल तिला निवडीच्या टेबलावरून उठवून भट्टीवर पाठवायचं. टेबल खिडकीशी होतं, सावलीत. बायका बसून बोलायच्या, गाणी म्हणायच्या. भट्टीवर चुन्याच्या पाण्यातले ओले बोळे उपसायचे. वणीकडून यायचा तो चुना आठ दिवसांत हाताची सालं काढायचा.

या ताटल्या मांडायचं काम तुमच्याकडे आलं. आणि आईचे डोळे त्याच वर्षी जायला लागले होते.

हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. भाकरी थापताना ती तवा हातानं चाचपायची. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची आणि वर म्हणायची, "सुया आताशा बारीक करून राह्यले मेले." टेबलावर तिच्या शेजारी एक खाला बसायच्या, शिंप्याच्या घरातल्या, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. आईच्या हातून सुटलेलं बटण त्या गुपचूप काढायच्या, पण त्या तरी किती पाहणार, त्यांनाही त्यांचा ढीग होता. आईच्या ताटलीत पहिल्यांदा हुकाचे तुकडे निघाले त्या सकाळी खाला माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तेरा बाप नवरा है का मुकादम? दोन तुकडे खिशात टाकले असते तर रोळी काय बोंबलली असती का?" मला तेच वाटत होतं. अगदी तेच वाटत होतं, बाबा.

म्हणून एका सकाळी मी लवकर आले. तुम्ही चाळणी धुवून ताटल्या मांडत होता. तुमची पाठ माझ्याकडे होती. गोल-टिंबाच्या ताटलीत थोडी वाळू, एक हुकाचा तुकडा आणि एक निळं बटण होतं. काचेचं, तुरीच्या दाण्याएवढं, कोणाच्या तरी लेकराच्या झबल्याचं. एका बाजूनं टवका उडालेलं. मी हात घातला. तुम्ही वळलासुद्धा नाहीत.

"ठेव तिथं."

"बाबा, आईचं आहे."

"म्हनूनच ठेव."

"कोनाले समजते?"

तेव्हा तुम्ही वळलात. रागावला नव्हता, ते मला जास्त लागलं. "खालाच्या ताटलीतलं उचललं असतं का तू? त्या दुसऱ्या बाईच्या? रोळी कोनाचं नातं पाह्यत नाही. जड ते खाली. मी तिच्यापाशी उभा राह्यतो तं मलेबी तसंच राह्यलं पाह्यजे." एवढं बोलून तुम्ही पुन्हा चाळणीकडे वळलात. मी हुकाचा तुकडा परत टाकला. त्याचा टिणकन आवाज झाला, तो ऐकून तुम्हाला वाटलं, पोरीनं ऐकलं. ओल्या तळहाताला चिकटलेलं ते निळं बटण मी तसंच मुठीत धरून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. दिवसभर एका हातानं ताव उचलले.

आई त्या सकाळी आपल्या ताटलीपाशी बराच वेळ थांबली होती. वाकून, नाक टेकेल इतकी जवळ, बोटानं वाळू सारत. बाकीच्या बायका पुढं गेल्या तरी ती तिथंच. मग ती सरळ झाली आणि टेबलाकडे गेली. तिचा चेहरा मी नीट पाहिला नाही, मला माझ्या मुठीची काळजी होती.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं गुलगुले केले. सण नाही, वार नाही, पाव्हणा नाही. गहू-गुळाचं पीठ भिजवून तिनं कढई चढवली. तेल जपून वापरणारी ती, त्या दिवशी सढळ हातानं तेल घातलं. पहिला घाणा काढला तो सगळाच्या सगळा तुमच्या ताटात वाढला. तुम्ही बुचकळ्यात पडलात. "आज काय आहे व?" ती म्हणाली, "काई नाही. खा." तुम्ही एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, की हिला काय झालं? मी मान खाली घातली. मला वाटलं, साहेब काही बोलले नाहीत म्हणून तिला बरं वाटत असेल. ती चुलीपाशी गुणगुणत होती, बाबा. ते गुणगुणणं मी त्यानंतर त्या घरात पुन्हा ऐकलं नाही.

पुढं व्हायचं ते झालंच. ताटलीत एकदा चोळीचे हूक निघाले, मग एकदा पितळी बटणाचे दोन तुकडे. साहेबांनी आईला टेबलावरून उठवलं. खाला भांडल्या, साहेबांनी ऐकलं नाही. आई उठली, पदर कमरेला बांधला आणि भट्टीकडे चालायला लागली. वाटेत तिचा पाय टोपलीला अडखळला, तेव्हा रोळीपाशी तुमचा हात नुसताच पुढं झाला आणि परत शंकूवर गेला. मी खिडकीपाशी उभी राहून ते पाहिलं. त्या क्षणी मी तुम्हाला मनातून काढून टाकलं. आपलं काम संपलं की तुम्ही रोज भट्टीवर जाऊन तिच्या वाटणीचे बोळे उपसायला लागलात, लोक हसायचे तरी जायचात. घरी तिच्या हातांना खोबरेल चोळायचात. ती हात पुढं करायची, बोलायची नाही. मला वाटायचं, आधी हात भाजायला लावायचे आणि मग तेल चोळायचं, हा कसला न्याय?

माझं लग्न महागावला झालं. निघताना तुम्ही मला कागदाचे ताव दिलेत, कडा कातरून, सुतळीनं बांधून. साड्या-भांड्यांच्या ढिगात ते गाठोडं पाहून सासरच्या बायका हसल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "एकबी खडा नाही याच्यात. पाहून घेतला मी. पत्र लिहीत जाय." मी लिहिलीही. पण आईला लिहिली. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणजे ती पत्रं तिला वाचून दाखवणार तुम्हीच, हे मला माहीत होतं, आणि माहीत असून मी तुमच्यासाठी शेवटी 'बाबांना नमस्कार' एवढंच लिहायची. तेवढी ओळ तुम्ही मोठ्यानं वाचत होता की नुसतीच गिळत होता, कोणास ठाऊक. एकदा महागावच्या बाजाराला आलात तेव्हा दारात उभे राहून "बरी आहेस?" म्हणालात. मी "हो" म्हटलं. चहा दिला. तुम्ही कप खाली ठेवून निघालात. मी तुम्हाला बसा म्हणाले नाही. पुढं तुमच्या छातीत दुखायला लागल्याचा निरोप आला आणि मी एसटीनं पोचेपर्यंत तुम्ही गेला होता. कानावर तुराटी नव्हती, म्हणून तुम्ही मला ओळखू येईनात.

आई नंतर माझ्याकडेच राहिली. दिसणं पूर्ण गेलं होतं. डोळ्यांचं शिबिर आलं की मी म्हणायची चल, ती म्हणायची, "आता काय पाह्याचं राह्यलं?" तिच्या अखेरच्या पावसाळ्यात एका दुपारी मी तिच्या हाताला तेल चोळत होते, तुमच्यासारखंच. चुन्याचे वळ बोटांवर तसेच होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी तुझे हात जाळले."

तिनं हात मागं घेतला. "काहून त्यायच्या नावानं बोलतं? मीच सांगतलं होतं त्यायले. ताटल्या निंगाल्या त्याच दिवशी. म्हनलं, माझं काई निंगालं तं झाकू नोका. बाकीच्या बायका काय म्हनतीन? नवरा रोळीवर, बायको टेबलावर, मंग कायचं निंगते? म्हनलं, झाकलं तं मले समजन, अन् मंग मी तुमच्या ताटात जेवाले वाढनार नाही. शप्पत घातली."

तुम्ही मला त्या सकाळी हे का नाही सांगितलंत? दोन शब्दांचं काम होतं. पण तुम्ही तिची शपथ तिच्याजवळच ठेवलीत आणि माझा राग स्वतःजवळ. मी आईला विचारलं, "मंग तू त्यायच्याशी बोलत काहून नव्हती?"

तिनं पदर सारखा केला. पागोळ्या गळत होत्या. मग म्हणाली, "सांगतलं तं मीच. पन बाई, मानसाले वाटते ना. मले वाटे, भट्टीची पाळी आली तं तरी झाकतीन." आणि ती हसली. आंधळ्या डोळ्यांनी, खोलीच्या भलत्याच कोपऱ्याकडे तोंड करून, नव्या नवरीसारखं हसली. "अन् त्याच्या आंधी झाकलं होतं त्यायनं एकडाव. तुले म्हाईत नाही. निळं बटन होतं, लेकराच्या झबल्याचं. माझ्या बोटातून निसटलं अन् ढिगात गेलं. लय चाचपलं, सापडे ना, तोवर ढीग उचलून नेला. मले मालूम होतं, सकाळी ते ताटलीत पडनार. सकाळी पाह्यतो तं हूक आहे, वाळू आहे, बटन नाही. शप्पत मोडली त्यायनं माझ्यासाठी. बोलले नाहीत, मीबी बोलली नाही. मी गुलगुले केले."

बाबा, ते बटण त्याच खोलीत होतं. तिच्या खाटेखालच्या पेटीत, शिवणाच्या डब्याच्या तळाशी. मी हात लांबवला असता तर मिळालं असतं. तिनं विचारलं, "होते का नाही तुये बाबा मोठ्या मनाचे?" मी म्हटलं, "होते." आणि तिच्या दुसऱ्या हाताला तेल लावायला घेतलं.

तेव्हापासून मी हा हिशेब मनात घोळवते आणि तो काही जुळत नाही. जे तुम्ही केलंत, तिचा शब्द पाळलात आणि सगळ्यांची बोलणी खाल्लीत, त्यासाठी तुम्हाला घरात कोणी गोड शब्द दिला नाही. जे तुम्ही केलं नाहीत, त्यावर ती उरलेला जन्म तुमच्यावर जीव टाकून राहिली. मी तिला खरं सांगितलं असतं तर तुम्हाला न्याय मिळाला असता आणि तिचा नवरा गेला असता. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? तुम्ही सांगितलं असतं, असं मला वाटतं. जड ते खाली. पण मी काही रोळी नाही.

हे लिहिते आहे ते तुम्ही दिलेल्या तावांपैकी शेवटच्या दोनांवर. जुनी सवय, लिहिण्याआधी उजेडाला धरले. आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी उजेडाला धरते, घरचे हसतात. नव्या डोळ्यानं पाहिलं, आणि खरंच, एकही खडा नाही. हे मी तुम्हाला त्याच वर्षी कळवायला हवं होतं. पोचवायची आता सोय नाही आणि असती तरी मी हे टाकलं नसतं. तिथं आई तुमच्या शेजारी असेल आणि तिला वाचून तुम्हीच दाखवाल. बटणाची एवढी ओळ गाळा म्हटलं तरी तुम्ही गाळणारे नाही.

म्हणून घडी करून बटणाबरोबर डब्यात ठेवते. पण एक गोष्ट लिहूनच ठेवते, कारण इतक्या वर्षांत ती मी कोणाजवळ बोलले नाही. त्या संध्याकाळी तो पहिला घाणा तुमच्या ताटात पडला आणि मला कढईतले शेवटचे दोन जळके मिळाले, त्याचा मला फार राग आला होता. आणि आईनं ते सगळं सांगितल्यावर, तिचा हात हातात असताना, मला आधी तेच आठवलं. ते गुलगुले माझे होते, बाबा.